ॲडमिटची वाट बघताना: अमेरिकेतल्या विद्यापीठांचे निकाल कधी येतात आणि तारखेवरून काय ओळखावं

फेब्रुवारीतली पहाट, साडेतीन वाजलेले. डोंबिवलीच्या घरात दिवा न लावता मी ओट्यापाशी उभा राहून फोनवर विद्यापीठांची पोर्टलं (अर्जाचं काय झालं ते दाखवणारी पानं) एकामागून एक उघडत होतो. आई पाणी प्यायला उठली. म्हणाली, "अरे, त्यांच्याकडे आत्ता संध्याकाळ ना? मग ऑफिस बंद करून गेले असतील सगळे. झोप आता." तिचा हिशोब माझ्या एक्सेल शीटपेक्षा पक्का होता.

त्या शीटमध्ये नऊ विद्यापीठं होती, मागच्या तीन वर्षांत निकाल लागल्याच्या ऐकीव तारखा होत्या आणि रंग होते. मुदत टळली असं मला वाटलं की ती ओळ मी लाल करायचो. मार्चच्या पहिल्या आठवड्यात लाल केलेल्या एका ओळीतून १३ एप्रिलला फंडिंगसकट ऑफर आली आणि पीएचडी मी तिथेच केली. दुसऱ्या वर्षी विभागाच्या व्हिजिट डेची (ऑफर मिळालेल्यांना कॅम्पस दाखवायच्या दिवसाची) कामं माझ्याकडे आली, तेव्हा ऑफिसात बसून प्रवेशाची यादी पलीकडच्या बाजूने सरकताना बघितली. मुलं तारखांवरून जे अर्थ काढतात त्यातले बहुतेक चुकीचे असतात, आणि जे दोन-तीन बरोबर असतात त्यांच्याकडे कुणाचं लक्ष नसतं, हे तिथे कळलं.

हे लिहितोय ते यंदा पहिल्यांदाच फॉलसाठी, म्हणजे ऑगस्ट-सप्टेंबरात सुरू होणाऱ्या सत्रासाठी, एमएस किंवा पीएचडीचे अर्ज करणाऱ्यांसाठी. बारावीनंतर जाणाऱ्यांचं गणित वेगळं आणि सोपं आहे. अर्ली डिसिजनचे (निवडलं तर तिथेच येईन असं कबूल करून केलेले) अर्ज साधारण १ नोव्हेंबरला आणि निकाल डिसेंबरच्या मध्यावर. रेग्युलरचे अर्ज जानेवारीच्या सुरुवातीला, निकाल मार्चअखेरीपर्यंत, आणि बऱ्याच ठिकाणी उत्तर द्यायची मुदत १ मे. तिथे निकाल बहुधा सगळ्यांना एकाच दिवशी, आधी जाहीर केलेल्या वेळेला लागतो. म्हणजे तारखेवरून ओळखण्यासारखं काही उरतच नाही. एमएस-पीएचडीला मात्र प्रत्येक विभागाचा कारभार वेगळा.

पायरी १: फाइल 'कम्प्लीट' आहे का ते बघा

फी भरून सबमिटचं बटण दाबलं की आपल्याला वाटतं, गंगेत घोडं न्हालं. ऑफिसच्या लेखी तेव्हा नुसती फाइल उघडलेली असते. शिफारसपत्रं आली, ट्रान्सक्रिप्ट (सगळ्या वर्षांचे गुण दाखवणारं पत्रक) नीट वाचता येतेय, टोफेल या इंग्रजीच्या परीक्षेचा स्कोअर परीक्षा घेणाऱ्या संस्थेकडून थेट पोचला, एवढं झाल्यावर ती 'कम्प्लीट' होते. अपुरी फाइल बऱ्याच ठिकाणी प्रोफेसरांपुढे जातच नाही. विद्यार्थी इकडे "एवढा उशीर म्हणजे रिजेक्टच" म्हणून हाय खातो, आणि तिकडे त्याचा अर्ज अजून कुणी वाचलेलाच नसतो.

आपल्याकडच्या मुलांचा हमखास घोळ नावाचा. मार्कशीटवर आडनाव आधी, मग स्वतःचं नाव, मग वडिलांचं आणि शेवटी आईचं. पासपोर्टवर वेगळी मांडणी. अर्ज भरताना आपण तिसरीच काहीतरी करतो. मग टोफेलचा स्कोअर विद्यापीठात पोचतो खरा, पण संगणकाला तो कुणाचा ते कळत नाही. माझा एका ठिकाणी तीन आठवडे असाच बेवारस पडून होता. पोर्टलच्या चेकलिस्टमध्ये 'अवेटिंग' दिसत राहिलं आणि मी समजत राहिलो की त्यांच्याकडे काम सावकाश चालतं. शेवटी जन्मतारीख आणि परीक्षेचा नोंदणी क्रमांक घालून दोन ओळींची मेल केली, दुसऱ्या दिवशी 'रिसीव्ड' झालं. सगळीकडे पासपोर्टवरचंच नाव लिहा, म्हणजे ही वेळ येणार नाही.

दुसरा घोळ शिफारसपत्राचा. सरांना विद्यापीठाकडून येणारी लिंक स्पॅममध्ये जाते, आणि सर म्हणतात, "मला काही आलंच नाही." त्यांना विद्यापीठाचं नाव देऊन इनबॉक्समध्ये शोधायला सांगा, नाहीतर पोर्टलवरून पुन्हा पाठवा. आठवण करून देण्यात उद्धटपणा नाही. सरांकडे तुमच्यासारखे पंचवीस जण रांगेत असतात.

सगळ्या खुणा हिरव्या होईपर्यंत दर रविवारी चेकलिस्ट बघा आणि फाइल पूर्ण झाली तो दिवस लिहून ठेवा. रोलिंग पद्धतीने, म्हणजे अर्ज येतील तसे निर्णय घेत, प्रवेश देणाऱ्या एमएस कोर्सेसना निकालाचं घड्याळ त्या दिवसापासून सुरू होतं, अर्ज केल्याच्या दिवसापासून नाही.

पायरी २: आत काय चालतं ते समजून घ्या

पीएचडीच्या अर्जांची मुदत बहुतेक ठिकाणी १ ते १५ डिसेंबरच्या आसपास. त्यानंतर लगेच नाताळ, आणि १ जानेवारीपर्यंत कॅम्पसवर चिटपाखरू नसतं. त्या दिवसांत पोर्टलमध्ये काही हललं नाही तर काहीही समजू नका.

जानेवारीत फायली प्रवेश समितीच्या प्रोफेसरांमध्ये वाटल्या जातात. ते शिकवणं सांभाळून वाचतात. कुणी आठ दिवसांत संपवतो, कुणाच्या मागे लागावं लागतं. त्यात विषयांच्या उपशाखा. रोबोटिक्सवाल्यांनी आपली यादी जानेवारीतच दिलेली असते, आणि त्याच विभागातले थिअरीवाले फेब्रुवारीअखेरपर्यंत भेटलेलेही नसतात. तुमच्या मित्राला त्याच विभागातून तीन आठवडे आधी उत्तर आलं, याचं कारण बऱ्याचदा एवढंच असतं.

मग पैशांचा प्रश्न. पीएचडीच्या प्रत्येक विद्यार्थ्याची फी आणि पगार विभागाला किंवा एखाद्या प्रोफेसरच्या ग्रँटमधून (संशोधनाच्या अनुदानातून) द्यावा लागतो. समजा विभागाला दहा जण हवेत आणि बोलावलेल्यांतले निम्मे दुसरीकडे जातात असा आजवरचा अनुभव आहे. हिंमतवान विभाग पहिल्याच फेरीत वीस ऑफर देऊन मोकळा होतो. सगळे वीस आले तर पैसे आणायचे कुठून, अशी धास्ती घेणारा विभाग आधी बारा जणांना विचारतो, आणि कुणी नाही म्हणालं की तेराव्याला. दोन्हीकडे तुमचा नंबर पंधरावा असेल, तर एकीकडे ३ फेब्रुवारीला मेल येईल आणि दुसरीकडे एप्रिलमध्ये. अर्ज तोच, एसओपी (का शिकायचंय ते सांगणारा निबंध) तोच.

लग्नाच्या पंगतीसारखं आहे हे. पहिली पंगत उठल्याशिवाय दुसरीची पानं मांडता येत नाहीत, आणि पहिल्या पंगतीत गप्पा मारत बसलेल्यांना कुणी हाताला धरून उठवत नाही. दारात उभं राहिलेल्याला वाटतं, आपल्याला बोलावणंच नव्हतं.

समितीने नाव नक्की केल्यावरही पत्र लगेच निघत नाही. विभाग फक्त शिफारस करतो. अधिकृत पत्र द्यायचं काम ग्रॅज्युएट स्कूलचं, म्हणजे विद्यापीठाच्या पदव्युत्तर प्रवेशाच्या ऑफिसचं. तिथे पदवी, गुण, इंग्रजीचा स्कोअर तपासतात. तीन वर्षांची बीएस्सी असेल तर हा टप्पा हमखास रेंगाळतो, कारण काही विद्यापीठांना चार वर्षांचीच पदवी लागते. त्यामुळे प्रोफेसरने मेलवर "आम्ही तुझं नाव पुढे पाठवलंय" असं कळवलं आणि पोर्टल दोन-तीन आठवडे ढिम्म राहिलं, तर घाबरू नका. पण पेढेही वाटू नका.

पायरी ३: घड्याळ आणि कॅलेंडर जुळवा

ढोबळ वेळापत्रक असं. मुलाखती असतील तर डिसेंबरअखेर ते फेब्रुवारी. पीएचडीच्या पहिल्या ऑफर जानेवारीअखेर ते फेब्रुवारी. मार्चमध्ये व्हिजिट डे, वेटलिस्टची पत्रं आणि नकार. १५ एप्रिलच्या आधीचे चार-पाच दिवस पळापळीचे. स्वखर्चाच्या एमएसचे निकाल फेब्रुवारीपासून एप्रिलपर्यंत पसरलेले, काही ठिकाणी मेपर्यंतही.

जानेवारीचा तिसरा सोमवार मार्टिन ल्यूथर किंग यांच्या स्मरणार्थ सुट्टीचा. फेब्रुवारीच्या तिसऱ्या सोमवारचा प्रेसिडेंट्स डे. मार्चमध्ये एक आठवडा स्प्रिंग ब्रेक, तोही प्रत्येक विद्यापीठाचा वेगळा. आपल्याला हे ठाऊक नसतं, आणि आपण "या आठवड्यात कुणालाच काही आलं नाही, म्हणजे याद्या संपल्या" असं ठरवून बसतो.

वेळेचं म्हणाल तर न्यूयॉर्क, बोस्टनकडचं ऑफिस सकाळी ९ ते संध्याकाळी ५ म्हणजे हिवाळ्यात आपल्याकडे संध्याकाळी ७:३० ते पहाटे ३:३०. कॅलिफोर्नियाचं रात्री १०:३० ते सकाळी ६:३०. मार्चच्या दुसऱ्या रविवारी त्यांची घड्याळं तासभर पुढे जातात, की हे सगळं आपल्याकडे एक तास अलीकडे येतं. म्हणून सकाळी सातला एकदा मेल बघितली की आदल्या दिवसाचा हिशोब संपला. शनिवार-रविवारी निकाल येतच नाहीत असं नाही, प्रोफेसर रविवारी रात्रीही मेल करतात. पण रात्रभर जागून वाचलेली मेल आणि सकाळी सातला वाचलेली मेल, मजकूर एकच असतो.

पायरी ४: कशावरून काय ओळखावं

आधी काय ओळखू नये ते. पोर्टलवर अचानक एखादा टॅब दिसला, 'अंडर रिव्ह्यू'चं 'इन प्रोसेस' झालं, विद्यार्थी क्रमांक मिळाला, लिंक चालेनाशी झाली, यातून काही सिद्ध होत नाही. बरीच अमेरिकन विद्यापीठं प्रवेशासाठी स्लेट नावाची एकच प्रणाली वापरतात, आणि तिचे शब्द प्रत्येक ऑफिस आपापल्या सोयीने लावतं. वेबपेजचा सोर्स कोड उघडून त्यात 'ॲडमिट' शब्द शोधणारे इंजिनिअर मी बघितलेत. मीही त्यातलाच होतो. निष्पन्न काही झालं नाही.

खरं तर आलेल्या मेलवरसुद्धा एक दिवस थांबून विश्वास ठेवावा. २००९ मध्ये कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या सॅन डिएगो कॅम्पसने नाकारलेल्या सुमारे २८ हजार विद्यार्थ्यांना अभिनंदनाची मेल पाठवली होती. २०१५ च्या फेब्रुवारीत कार्नेगी मेलनने कॉम्प्युटर सायन्सच्या एमएससाठी सुमारे ८०० जणांना प्रवेश मिळाल्याचं कळवलं आणि काही तासांत ते मागे घेतलं. अशी उदाहरणं क्वचित घडतात. पण ती इतक्या नावाजलेल्या ठिकाणी घडू शकतात, तर एका बदललेल्या टॅबचं काय घेऊन बसायचं?

आता कॉलेजच्या बॅचचा व्हॉट्सॲप ग्रुप. फेब्रुवारीतल्या एखाद्या रात्री कुणीतरी 'ॲडमिट!' टाकतो, खाली चाळीस अभिनंदनं. ज्यांना नकार आला ते त्या दिवशी ग्रुपवर येतच नाहीत. त्यामुळे ग्रुप वाचून वाटतं की सगळ्यांचं झालं, आपणच राहिलो. अर्थ काढण्याआधी विचारा: त्याचा कोर्स नेमका कुठला? एमएस की एमइंज (मास्टर ऑफ इंजिनिअरिंग), की पीएचडी? उपशाखा कोणती? फाइल कधी पूर्ण झाली? फंडिंग आहे का? सगळी उत्तरं तुमच्याशी जुळली, तरच ती तारीख तुमच्या कामाची. माझ्या अनुभवात ती जुळत नाहीत.

मी स्वतः भरवसा ठेवतो अशा गोष्टी थोड्या आहेत. जीवशास्त्राच्या बऱ्याच पीएचडी प्रोग्रॅम्समध्ये मुलाखतीशिवाय प्रवेश मिळत नाही. तशा ठिकाणी तुमच्याच प्रोग्रॅमची मुलाखतींची आमंत्रणं जाऊन तीन आठवडे झाले आणि तुम्हाला काही आलं नाही, तर आशा खरोखर कमी झाली. कॉम्प्युटर सायन्समध्ये बरेच विभाग मुलाखत घेतच नाहीत, तेव्हा हा नियम तिकडे लावू नका.

दुसरी, खूप लवकर आलेल्या ऑफरची. विद्यापीठ पातळीच्या मोठ्या फेलोशिपसाठी विभागाला नावं लवकर द्यावी लागतात, म्हणून त्या दोन-चार जणांना आधी कळवतात. लवकर ऑफर म्हणजे विभागाला तुम्ही फार हवे आहात, हे बऱ्याचदा खरं. याचं उलट मात्र खरं नाही. ऑफिसात मी पाहिलेल्या यादीत एप्रिलमध्ये ऑफर मिळालेली एक मुलगी पुढे तिच्या बॅचमध्ये सगळ्यांत आधी क्वालिफायर (पीएचडीतली पात्रता परीक्षा) पास झाली.

तिसरी मला स्वतःला फार उशिरा कळली. तुमच्याच कोर्सचे नकार एकगठ्ठा गेले आणि तुम्हाला काहीच आलं नाही, तर बहुधा तुम्ही दुसऱ्या पंगतीच्या रांगेत आहात. विभाग अशांना 'वेटलिस्ट' म्हणतोच असं नाही. नुसतं न कळवता ठेवतो. किंवा मग तुमची फाइल अपुरी आहे. पायरी १ पुन्हा तपासा.

आणि पैसा. कधीकधी गप्प बसण्याचं कारण विभागालाही ठाऊक नसतं. मार्च २०२५ मध्ये अमेरिकेच्या केंद्र सरकारच्या संशोधन निधीची शाश्वती राहिली नाही, तेव्हा मॅसॅच्युसेट्स विद्यापीठाच्या चॅन मेडिकल स्कूलने दिलेल्या ऑफर मागे घेतल्या. अशा वर्षी मागच्या तीन वर्षांच्या तारखांची शीट उघडूच नये.

पायरी ५: विचारायचं असेल तर एकदाच, नीट

वेबसाइटवर दिलेली तारीख उलटून दोन आठवडे झाले, किंवा मार्चचा मध्य आला, की मेल करायला हरकत नाही. करायची ती ग्रॅज्युएट कोऑर्डिनेटरला. प्रोफेसरांना नको. विभागात खरी माहिती या बाईंकडे किंवा गृहस्थांकडे असते, आणि दिवसाला पन्नास मेलना ते उत्तर देत असतात. तीन वाक्यं पुरतात: माझं नाव, अर्ज क्रमांक आणि प्रोग्रॅम हा; फाइल पूर्ण आहे ना, आणि निर्णय साधारण कधीपर्यंत अपेक्षित आहे; दुसऱ्या एका ठिकाणी मला अमुक तारखेपर्यंत उत्तर द्यायचं आहे. तिसरं वाक्य खरं असेल तरच लिहा. ते सगळ्यांत जास्त कामाचं असतं, कारण त्यामुळे ऑफिसला तुमची फाइल आधी काढायला निमित्त मिळतं. 'रिस्पेक्टेड सर/मॅडम, विथ ड्यू रिस्पेक्ट'ने सुरू होणारी पानभर मेल कुणी पूर्ण वाचत नाही.

"अजून निर्णय व्हायचे आहेत" असं उत्तर आलं तर ते जसंच्या तसं घ्या. "तुमच्या एरियातल्या ऑफर दिल्या आहेत, पण काही जागा मोकळ्या होऊ शकतात" याचा अर्थ वेटलिस्ट. तेव्हा तुम्हाला तिथे खरंच जायचं असेल तर तसं एका ओळीत लिहा. १४ एप्रिलला दुपारी जागा मोकळी झाली की कोऑर्डिनेटर पहिला फोन करते तो नक्की येणाऱ्याला.

पायरी ६: १५ एप्रिलचा नियम आणि तो कुणाला लागू नाही

अमेरिकेतल्या कौन्सिल ऑफ ग्रॅज्युएट स्कूल्सचा एक ठराव आहे. त्यावर सही केलेली विद्यापीठं फेलोशिप, असिस्टंटशिप (शिकवण्याच्या किंवा संशोधनाच्या कामाबद्दल मिळणारे पैसे) यांसारख्या आर्थिक मदतीच्या ऑफरवर १५ एप्रिलच्या आधी उत्तर द्यायची सक्ती करत नाहीत. म्हणून फेब्रुवारीत ऑफर आली तरी तुमच्याकडे वेळ असतो, आणि म्हणूनच वेटलिस्ट एप्रिलच्या दुसऱ्या आठवड्यापर्यंत हलत नाही. "एका आठवड्यात सांगा" असा दबाव आलाच, तर विद्यापीठ त्या यादीत आहे का ते बघा आणि ठरावाचा नम्रपणे उल्लेख करा.

हा ठराव फक्त आर्थिक मदतीपुरता आहे. स्वखर्चाच्या एमएसला विद्यापीठ स्वतःची तारीख ठरवतं, आणि डिपॉझिट बहुधा परत मिळत नाही. इथे माझं मत स्पष्ट आहे: परवडणारी, बरी ऑफर हातात असेल तर स्वप्नातल्या विद्यापीठाच्या उत्तरासाठी ती सोडू नका. फार तर मुदत वाढवून मागा. मेल करून मागितली तर दहा-पंधरा दिवस मिळतातही.

कारण ऑफरनंतरची साखळी लांब आहे. एज्युकेशन लोनचं मंजुरीपत्र किंवा बँक बॅलन्सचा पुरावा दिल्यावर आय-२० (व्हिसासाठी लागणारा विद्यापीठाचा फॉर्म), मग ३५० डॉलर सेव्हिसची (परदेशी विद्यार्थ्यांच्या सरकारी नोंदणीची) फी, मग डीएस-१६० (व्हिसाचा ऑनलाइन अर्ज), मग व्हिसाच्या तारखा आणि शेवटी मुंबईत बीकेसीतल्या अमेरिकन कॉन्सुलेटच्या बाहेरची रांग. २०२५ मध्ये २७ मे ते १८ जूनपर्यंत विद्यार्थी व्हिसाच्या नव्या मुलाखतींच्या तारखा देणंच थांबलं होतं. ज्यांचं सगळं एप्रिलमध्ये झालं होतं ते त्यातून निसटले. मेमध्ये वेटलिस्टवरून आत आलेल्यांची उन्हाळाभर धावपळ झाली. उशिराची ऑफर घेऊ नका असं मी म्हणणार नाही, मी स्वतः तशीच घेतली. पण १३ एप्रिलला ऑफर आली तेव्हा लोनची कागदपत्रं तयार होती, वडिलांनी मार्चमध्येच बँकेत खेटे घालून ठेवले होते. निकालाची वाट बघण्याच्या दिवसांत करण्यासारखं एखादं काम असेल तर ते हे.

पायरी ७: नको असलेल्या ऑफर सोडा

जिथे जायचं नाही हे ठरलं, त्यांना त्याच दिवशी नाही म्हणून कळवा. आपली मुलं "असू दे हातात" म्हणून चार-चार ऑफर १५ एप्रिलच्या रात्रीपर्यंत धरून ठेवतात. मग पहिली पंगत उठत नाही, आणि दारात उभा असलेला बहुधा आपल्याच बॅचचा कुणीतरी असतो. मला जागा मिळाली ती कुणीतरी १२ तारखेला नकार कळवला म्हणून. तो कोण ते शेवटपर्यंत कळलं नाही.

उत्तर न आलेले अर्जही मागे घ्या. पोर्टलवर 'विथड्रॉ'चं बटण असतं. मी दोन ठिकाणी दाबलं. तिसऱ्या पोर्टलवर ते बटण सापडलंच नाही, मेललाही उत्तर आलं नाही. परवा सहज लॉगिन केलं, पासवर्ड अजून चालतो. अर्ज 'अंडर रिव्ह्यू' आहे.